कोर्टाच्या दप्तरातले पूर्वज

मराठी घरांत पूर्वजांबद्दल दोन गोष्टी हमखास कानावर येतात: मूळ गाव कोणते आणि तिथली जमीन कशी गेली. जमीन जाण्याचे खापर भाऊबंदकीवर, सावकारावर नाहीतर दुष्काळावर फुटते. घरचा कर्ता पुरुष दोन वर्षे सक्तमजुरी भोगत होता, शेत पडीक राहिले आणि म्हणून ते गहाण पडले, असे कुणी सांगत नाही. ज्या पिढीला हे ठाऊक होते तिने लेकीबाळींच्या सोयरिकी अडू नयेत म्हणून तोंड मिटले आणि पुढच्या पिढीपर्यंत ते पोचलेच नाही. वंशावळीत अशा माणसाचे नुसते नाव उरते. कधी कधी तेही उरत नाही.

सरकारी दप्तराला सोयरिकी जमवायच्या नसतात, म्हणून ते काही गाळत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हा महसुली कागद, गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूचे रजिस्टर आणि शाळेचे दाखले यांच्या जोडीला पोलिसांची क्राईम रजिस्टरे, अटक पंचनामे आणि तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्याही तपासायच्या यादीत आल्या. आरोपी असो की साक्षीदार, त्याची जात विचारल्याशिवाय इंग्रजी अमदानीतला कारकून पुढची ओळ लिहीत नसे, म्हणून. ज्या कागदाची घराला लाज वाटावी, तोच कागद नातवंडांच्या हक्काचा पुरावा होऊन समोर यावा, अशी वेळ आली. त्या निमित्ताने लोक तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षांच्या पायऱ्या चढले, मोडी वाचणाऱ्यांना शोधत फिरले. दाखला मिळाला की बहुतेकांनी पान मिटले. मला वाटते, खरे वाचन तिथून सुरू व्हायला हवे होते. पणजोबांची जात तर कळली; पण ते कच्च्या कैद्यांच्या वहीत गेले कसे?

हे पुस्तक त्या प्रश्नासाठी आहे. कोर्टाचे जुने कागद कुठे असतात, कसे मागायचे आणि कसे वाचायचे हे त्यात सांगितले आहे. पण कागद हाती येण्याआधी आपण ते कशासाठी वाचतो आहोत याचा विचार पक्का असलेला बरा. पूर्वज दोषी होता की निर्दोष, हा निकाल कधीच लागून गेला आहे. आपण फेरविचाराचे कोर्ट नाही. आपल्याला समजून घ्यायचे असते ते त्याचे दिवस: तो कुणाबरोबर होता, कुणाचे देणे लागत होता, कुठल्या कायद्याने त्याला धरले आणि त्या कायद्याला त्याच्या गावात कुणी कायदा मानत होते का. एक उदाहरण जरा सविस्तर पाहू, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात सुपे गावी त्या दिवशी बाजार होता. (आज सुपे बारामती तालुक्यात येते.) आसपासच्या खेड्यांतून आलेल्या कुणब्यांनी गुजराती आणि मारवाडी सावकारांची घरे-दुकाने घेरली, वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि मिळाले तेवढे जाळले. धान्याची आणि कापडाची दुकानेही लुटली गेली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पोचले. इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. सावकाराने कागद मुकाट्याने बाहेर काढून दिले तिथे प्रकरण बहुधा तेवढ्यावरच मिटले. माणसाच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे होते. सरकारने फौज आणि पोलीस आणले, गावांवर जादा पोलीस बसवले आणि धरपकड केली. पुणे जिल्ह्यात ५५९ माणसे धरली, त्यांतल्या ३०१ जणांना शिक्षा झाली. नगरमध्ये ३९२ धरली, २०० जणांना शिक्षा झाली. म्हणजे एकूण ९५१ अटका आणि ५०१ शिक्षा. बाकीचे ४५० जण सुटले.

या ५०१ जणांची नातवंडे-पणतवंडे आज पुणे-नगर भागात आहेत, मुंबईत गिरणीच्या चाळींतून उपनगरांत गेलेली आहेत. त्यांतल्या किती जणांना आपला माणूस १८७५ च्या उन्हाळ्यात हातकड्या घालून पुण्याला नेला होता हे माहीत असेल? दंग्यांचा धडा त्यांनी शाळेत वाचलेला असतो. धड्यात ‘शेतकरी’ असा शब्द असतो, नाव नसते.

आता यातला एक आरोपी आपला खापरपणजोबा आहे असे समजा. निकालपत्रात त्याच्यावरची कलमे दिसतील. १८६० ची दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली होती, त्यामुळे कलमांचे आकडे आपल्या ओळखीचे असतात: दंगलीला १४७, घरातून चोरी केल्यास ३८०, दरोड्याला ३९५, घर पेटवल्यास ४३६. नुसते ३९५ पाहून माणूस घाबरतो. पूर्वज दरोडेखोर! पण ३९५ लागायला पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जबरीची चोरी करणे पुरेसे होते. भर बाजारात, दिवसाउजेडी, सगळ्या गावासमोर सावकाराकडून स्वतःच्याच कर्जाचा कागद हिसकावून घेणारा जमावसुद्धा या व्याख्येत बसू शकत होता. कलमाच्या आकड्यावरून माणसाचे चित्र काढू नये, असे मी कळकळीने सांगतो ते याच कारणाने.

कलमाच्या मागे जायचे तर फिर्याद वाचावी लागते. कोणते कागद जाळले गेले हे फिर्यादीत किंवा मुद्देमालाच्या यादीत आले असेल, तर पूर्वजाचे कर्ज किती, कधीचे आणि कशावर होते हे तिथे सापडण्याची शक्यता असते. त्या कर्जाची गोष्टही समजून घ्यायला हवी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच १८६७ पासून जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा चढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. हेतू असा, की व्याज चढत जाऊन कुणबी बुडू नये. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि थकलेले व्याज एक करून नवा रोखा लिहून घेऊ लागला. कुणब्याला अक्षर येत नव्हते. त्याने निशाणी करायची. मग दिवाणी कोर्टाचे समन्स यायचे. तो हजर राहायचा नाही, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि बैल, भांडी, शेवटी जमीन जायची.

म्हणजे आपल्या खापरपणजोबाची ओळख कोर्टाशी आधीच झालेली होती, पण दिवाणी बाजूने. फौजदारी खटल्यातला हा आरोपी दोन-चार वर्षांपूर्वी दिवाणी दाव्यात प्रतिवादी असू शकतो. म्हणून एका माणसासाठी दोन्हीकडची रजिस्टरे पाहावी लागतात आणि हे कुणी करत नाही. लोक ‘गुन्हा’ शोधायला येतात आणि फौजदारी रजिस्टर चाळून परत जातात.

दंग्यांची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना तो लागू होता. रोख्यावर लिहिलेला आकडा मुकाट मान्य न करता मूळ देणे किती, व्याज किती, याच्या मुळाशी जाण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशाला दिला. सुप्याच्या बाजारात ज्या कागदांविरुद्ध लोक उठले, त्या कागदांवर आंधळा विश्वास ठेवता येणार नाही, हे चार वर्षांनी सरकारने कायद्यातच लिहिले. शिक्षा झालेल्यांची शिक्षा त्याने पुसली गेली नाही. एकाच माणसाबद्दलची ही दोन्ही सत्ये वंशावळीत शेजारी शेजारी लिहिता आली पाहिजेत. त्याने लुटीत धान्याचे पोते उचलले असेल तर तेही लिहावे. सावकाराचेही घर होते, बायकामुले होती, आणि त्या दिवशी ती दाराआड जीव मुठीत धरून बसली असणार. त्यांचेही वंशज आहेत. आपल्या माणसाची बाजू मांडताना समोरच्या जातीला किंवा पेशाला नव्याने आरोपी करू नये.

आता प्रत्यक्ष कागदाकडे येऊ. जुन्या जबानीचे पान वाचायला बसले की पहिल्या दोन-तीन ओळींतच वंशावळकाराचे निम्मे काम होते. साक्षीदाराचे नाव, बापाचे नाव, जात, वय अजमासे, धंदा, राहणार मौजे अमुक, तालुका तमुक, हे सगळे एका दमात येते. आडनाव मात्र पुष्कळदा नसते. ‘गणू बिन रामा’, ‘सखाराम वलद तुकाराम’ अशी नावे दिसतात. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. आज जे आडनाव आपण अभिमानाने लावतो ते पूर्वजाच्या कागदावर सापडेल या भरवशावर राहिले तर हाती काही लागत नाही. नाव, बापाचे नाव, जात आणि गाव ही चार टोके जुळवून माणूस पक्का करावा लागतो. एकाच गावात दोन ‘गणू बिन रामा’ निघतातच, कारण आजोबाचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत. म्हणून वय आणि धंदा यांच्याकडे काणाडोळा करू नये. जबानीच्या शेवटी सही नसते, निशाणी असते. कुणब्याच्या नावापुढे नांगर, बाईच्या नावापुढे बांगडी, सुताराच्या किंवा लोहाराच्या नावापुढे त्याचे हत्यार, आणि पुढच्या काळात डाव्या हाताचा अंगठा. कारकुनाने नाव लिहिले, माणसाने शेजारी हात टेकवला. आपल्या घराण्यातल्या त्या पिढीच्या हाताची दुसरी कुठलीही खूण जगात शिल्लक नसते.

पण ती जबानी माणसाच्या तोंडची जशीच्या तशी नाही, हे विसरू नये. माणूस आपल्या बोलीत बोलला. कारकुनाने ते कचेरीच्या मराठीत, बहुधा मोडीत, उतरवले. साहेबासाठी त्याचे इंग्रजी झाले. निकालपत्र त्या इंग्रजीवर लिहिले गेले आणि अपील गेले तर हायकोर्टाने तेच वाचले. इतक्या हातांतून गेल्यावर ‘मला भीती वाटली’ याचे ‘मी पळून गेलो’ व्हायला वेळ लागत नाही. शक्य असेल तिथे मराठी जबानी आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही मागावीत आणि शेजारी ठेवून वाचावीत. कबुलीजबाब असेल तर जास्तच सावध राहावे. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात घेऊ नये, ही तरतूद इंग्रज सरकारला १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आणि पुन्हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात करावी लागली. कबुल्या कशा मिळवल्या जात होत्या हे त्यावरून समजावे.

खटला कोणत्या पायरीवर चालला यावर कागद कुठे असतील हे ठरते. किरकोळ मारामारी, जनावरे घुसवणे, शिवीगाळ ही प्रकरणे मामलेदाराच्या कचेरीत निकालात निघत. त्याला मॅजिस्ट्रेटचे अधिकार होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला एक महिन्यापर्यंत, दुसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला सहा महिन्यांपर्यंत आणि पहिल्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला दोन वर्षांपर्यंत कैद देता येत असे. त्याहून मोठे प्रकरण सेशन्स कोर्टात जाई, आणि फाशीची शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नसे. त्यामुळे मोठ्या गुन्ह्याचा माणूस सापडणे सोपे, छोट्या गुन्ह्याचा अवघड. महिनाभर आत जाऊन आलेल्या माणसाची फाईल ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जाते; ए, बी, सी, डी अशी वर्गवारी करून कागद काढून टाकण्याचे कोर्टांचे नियम आहेत. फाईल गेली तरी रजिस्टरातली ओळ राहण्याची शक्यता असते. ती ओळ हाती आली की तुरुंगाची नोंदवही, पोलीस पाटलाचे दप्तर, जिल्ह्याच्या न्याय खात्याचा पत्रव्यवहार अशी माग काढत जाता येते. खून-दरोड्याचे खटले असतील तर त्या काळची वर्तमानपत्रे जरूर पाहावीत. पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होते. मुंबई इलाख्याचे न्याय खात्याचे खंड मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. हायकोर्ट १८६२ मध्ये सुरू झाले. त्याआधीचा माणूस शोधायचा असेल तर मुंबई शहरासाठी सुप्रीम कोर्ट आणि मुलखासाठी सदर अदालत अशा दोन वेगळ्या वाटा धराव्या लागतात, आणि दंडसंहितेऐवजी एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या रेग्युलेशनांशी गाठ पडते.

१८१८ च्या मागे, म्हणजे पेशवाईत, गेले की सगळा प्रांतच बदलतो. तिथे कलमे नाहीत, पानभर लांब करीना म्हणजे पक्षकाराची हकीगत आहे, गोतसभेचा महजर म्हणजे निवाडापत्र आहे, प्रसंगी दिव्य आहे, दंड आहे आणि किल्ल्यावरची कैद आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले हे रुमाल मोडी आल्याशिवाय उलगडत नाहीत. त्या व्यवस्थेची ओळख करून घ्यायला डॉ. वि. त्रिं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा १९५३ चा ग्रंथ अजूनही पहिला धरावा असा आहे.

बायकांबद्दल थोडे थांबून लिहायला हवे. एकोणिसाव्या शतकातल्या सामान्य बाईचे बोलणे कागदावर उतरले असेल अशी जागा जवळजवळ एकच: कोर्ट. आणि ती तिथे पोचली ती बहुधा मूल मारल्याच्या नाहीतर जन्म लपवल्याच्या आरोपावरून. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात जन्मठेप काळे पाणी झाले आणि पुढे शिक्षा आणखी कमी होऊन पाच वर्षांवर आली. त्यावर वर्तमानपत्रांतून जे लिहिले गेले त्याने पेटून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्याच्याही आधी पुण्यात काशीबाई नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी अंदमानात जन्मठेप झाली होती, आणि महात्मा फुले यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले त्यामागे ही घटना होती. या दोन बायकांची नावे राहिली, कारण त्यांच्या बाजूने लिहिणारे कुणी होते. बाकीच्यांची नावे दप्तरात पडून आहेत. त्यांच्या खटल्यांत एक माणूस बहुधा कुठेच नसतो: मुलाचा बाप. घराण्यात अशी बाई सापडली तर तिला वंशावळीत घेताना कचरू नये. ती आत्तापर्यंत बाहेर राहिली ती तिच्या एकटीच्या कर्माने नव्हे.

काळ्या पाण्यावर गेलेल्यांचा शोध घराच्या उंबऱ्यावर थांबतो, कारण गावाने त्यांना मेलेले धरले. दप्तर तिथे थांबत नाही. अंदमानची वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली. त्याआधी मुंबई इलाख्यातले कैदी पिनांग, मलाक्का, सिंगापूरला आणि काही काळ मॉरिशसला पाठवले जात. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन मॉरिशसला उतरले तेव्हा हिंदुस्थानी कैदी तिथे रस्त्यांच्या कामावर होते आणि त्यांनी तसे लिहून ठेवले आहे. मॉरिशसमधले मराठी भाषक मुख्यतः पुढे गेलेल्या करारबद्ध मजुरांचे वंशज, त्यामुळे ‘आमचा माणूस मॉरिशसला गेला’ एवढ्यावरून त्याला कैदी ठरवू नये. अंदमानात मात्र प्रत्येक कैद्याचे ‘हिस्टरी तिकीट’ असे. त्यात गुन्हा, शिक्षा, वर्तणूक, काम सगळे येई. बरी वागणूक असलेल्यांना वसाहतीत संसार मांडायची परवानगी मिळे. म्हणजे आपण ज्याला निपुत्रिक समजत आलो त्याची दुसरी शाखा पोर्ट ब्लेअरला नांदत असू शकते.

इथे एका मोहाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण तो आपल्याकडे फार आहे. तुरुंगात गेलेला पूर्वज सापडला की त्याला स्वातंत्र्यसैनिक करून टाकायचे. उमाजी नाईक यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली, राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यात. सरकारच्या कागदात दोघेही दरोडेखोर आहेत, लोकांच्या मनात दोघेही क्रांतिकारक, आणि लोकांचे म्हणणे मला योग्य वाटते. वासुदेव बळवंत फडके यांच्यावर १८७९ मध्ये पुण्यात खटला चालला, सार्वजनिक काका त्यांच्या बचावाला उभे राहिले. एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्याबरोबर ज्या रामोश्यांनी जिवावर उदार होऊन धावपळ केली त्यांची नावेही दप्तरात दरोडेखोर म्हणूनच आहेत, आणि त्यांचे पुतळे झाले नाहीत. अशांच्या वंशजांनी कागद शोधून आपल्या माणसाचे नाव बाहेर काढावे, तो त्यांचा हक्क आहे. पण ज्याने शेजारच्या विधवेचे दागिने चोरले, बांधाच्या भांडणात भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, त्याला तिरंग्याखाली उभे करू नये. तो खोटेपणा आहे, आणि जे खरोखर लढले त्यांचा तो अपमान आहे.

बहुसंख्य पूर्वज या दोन्हींतले नसतात. ते जंगलातून लाकूड आणताना, राखीव कुरणात गुरे चारताना, परवान्याशिवाय दारू गाळताना सापडलेले असतात. १८७८ च्या वनकायद्याने काल जे रान सगळ्यांचे होते ते सरकारचे झाले. १८७८ चा अबकारी कायदा आला, मग १८९२ मध्ये मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध घालणारा मुंबई सरकारचा कायदा आला. आजा-पणज्यापासून मोह वेचणारा ठाकूर किंवा वारली एका सकाळी गुन्हेगार झाला. पुढे १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याखाली धरलेले आजोबा तर अजून काही घरांत आठवणीत आहेत.

आणि काही जणांना गुन्हा करावाही लागला नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, भामटे अशा किती तरी जमातींच्या माणसांची नावे जन्मामुळेच पोलिसांच्या रजिस्टरात गेली. पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या आतल्या वसाहतीत राहायचे. हजेरी चुकली की तोच गुन्हा. या घरांतल्या मुलांनी आजोबांचे नाव अशा रजिस्टरात पाहिले तर त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ते रजिस्टर आजोबांच्या वागणुकीचा पुरावा नाही, ते सरकारच्या वागणुकीचा पुरावा आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. दप्तरे मात्र तशीच आहेत आणि संशयही पुष्कळ ठिकाणी तसाच आहे. म्हणून या घरांच्या बाबतीत एक नियम कडकपणे पाळावा: त्यांच्या नोंदी त्यांच्या संमतीशिवाय कुणी छापू नयेत.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण अनेकदा दिले जाते. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनमधून दीड लाखाहून जास्त कैदी तिकडे नेले. कित्येक पिढ्या त्यांच्या वंशजांनी ते झाकून ठेवले. आज कैदी पूर्वज सापडला की तिथली घरे आनंदाने सांगतात, आणि ती कैद्यांची दप्तरे २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेली. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ चे खटले घरबसल्या वाचता येतात. आपल्याला तसे काही आयते मिळणार नाही. मराठवाड्यातल्या घरांना निजामाचे दप्तर आणि उर्दू, विदर्भातल्यांना नागपूर, कोल्हापूरकरांना संस्थानचे दप्तर, गोव्यातल्यांना पणजीचे पुराभिलेखागार आणि पोर्तुगीज, अशा आपल्या वाटा वेगवेगळ्या भाषांतून जातात. त्यासाठी माणसे तयार व्हावी लागतील. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेते, पुराभिलेख खातेही घेते. घरटी एक जण मोडी शिकला तरी पुष्कळ दारे उघडतील.

वाचकाला दोन विनंत्या करून प्रस्तावना संपवतो. घरात जुन्या पेटीत, देवघराच्या फळीवर, छपराच्या वाशाला बांधलेल्या गाठोड्यात समन्स, जामीनकतबा, निकालाची नक्कल असे काही असेल तर ते रद्दीत देऊ नका. मोबाईलवर त्याचे स्वच्छ फोटो घ्या आणि मूळ कागद जवळच्या पुराभिलेखागाराला दाखवा. आणि शोधायला निघालात तर निर्दोष सुटलेल्यांनाही लिहून ठेवा. १८७५ च्या त्या ४५० जणांना शिक्षा झाली नाही म्हणून इतिहासाने विचारले नाही. पण हातकड्या त्यांच्याही हातात पडल्या होत्या, आणि त्यांची नावेही त्याच दप्तरात आहेत.